वरची खोली

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'आवाज तुटून राहिला' म्हणत ठेवून देतात, म्हणून लिहितेय. वरची खोली रिकामी झाली म्हणे. पाटी लावायच्या आधी एवढं वाचा.

स्टुटगार्टमध्ये मला घर मिळायला पाच महिने का लागले, ते मी सांगितलं नव्हतं. पगाराचा कागद, नोकरीचं पत्र, सगळं जोडून ईमेल पाठवायची, उत्तरच यायचं नाही. एकदा ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने त्याच घरासाठी माझाच मजकूर स्वतःच्या नावाने पाठवला. तिला दोन तासांत बोलावणं आलं. मला कळवलं, घर गेलं. वंशावरून घर नाकारू नये असा कायदा इथे २००६ पासून आहे. पण नाकारणारा कारण लिहून थोडंच देतो?

खरं सांगते, तेव्हा मला घरमालकाचा राग आला नाही. बाबांचा भाचा आठवला.

मी दहावीत होते. भंडाऱ्याची ती नर्स खोली बघायला आली होती. खोली आवडली, ॲडव्हान्सच्या नोटा तिने हातातच धरल्या होत्या, आईने चहा टाकला होता. बाबांनी आडनाव विचारलं. मग म्हणाले, "अरे हो, आमचा एक भाचा यायचाय शिकायला, विसरूनच गेलो." तो भाचा अजून यायचाच आहे. तिने नोटांची घडी घातली, चपला घालताना मला 'अभ्यास कर बरं' म्हणाली. तिला कळलं होतं. मलाही.

आई, तो चहा तू गाळून आम्हाला दिलास.

घर आपलं, भाडेकरू आपण ठरवणार, हे बाबा म्हणणारच. घटनेच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, घाट आहेत, भाड्याची खोली नाही, हेही मान्य. पण १९५६ च्या दसऱ्याला बाबासाहेबांनी लाखोंसोबत धम्मदीक्षा घेतली, ती आपल्याच गावात. आपल्या घरात त्याचा उल्लेख काय, तर 'आज तिकडून जाऊ नका, गर्दी असते.' दीक्षाभूमीच्या आत मी एकदाही गेले नाही. डिसेंबरात आले की जाणार आहे. सोबत येता का?

आणि 'फक्त शाकाहारी कुटुंबास' ही पाटी काहून? दर रविवारी सावजीकडे रस्सा ओरपून येणाऱ्याने ती लावावी?

मला शेवटी घर दिलं एका तुर्की म्हाताऱ्याने. त्याने एवढंच विचारलं, पियानो वाजवतेस का, भिंती पातळ आहेत. तुम्हीही भाडं वेळेवर देणार का, पाण्याची मोटर आठवणीने बंद करणार का, ते विचारा. आडनाव करारनामा करताना कळेलच.

वरच्या कूलरचा वाळा मात्र बदलून घ्या. मागच्या भाडेकरूने दोन उन्हाळे तसेच काढले.

तुमची,
ताई