तिकिटं सुटायच्या आधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सकाळी दहाला कार्यक्रमाच्या तिकिटांची ऑनलाइन विक्री सुरू होणार आणि तू आठपासून स्क्रीनला चिकटून बसणार, असं लिहिलंयस. बसू नकोस. मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी बऱ्याच साइट आधी प्रतीक्षा-कक्ष उघडतात आणि विक्रीच्या ठोक्याला आत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या काढल्यासारखे नंबर देतात. दोन तास आधी आलेला आणि पंधरा मिनिटं आधी आलेला, दोघं सारखेच. दहा वाजून एक मिनिटाने आलेला मात्र या सगळ्यांच्या मागे. तेव्हा पावणेदहाला लॉगिन करून आत असलास की झालं.

नंबर लागला की रिफ्रेशला हात लावू नकोस, पान आपोआप पुढे सरकतं. एकाच खात्यावर चार टॅब किंवा आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन असलं की यंत्रणा तुला बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप तिकिटं उचलणारा प्रोग्राम, समजून बाहेर काढू शकते. तिचा संशय बिनबुडाचा नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या आगाऊ विक्रीत साइटवर एकूण साडेतीन अब्ज विनंत्या आदळल्याचं तिकिटं विकणाऱ्या तिकिटमास्टर कंपनीने सांगितलं होतं. त्यात बॉटही भरपूर होते.

नंबर नशिबाचा, पण आत गेल्यावरची पाच-दहा मिनिटं तुझ्या हातातली, आणि बहुतेकांची तिकिटं जातात ती तिथेच. नकाशावर निळी दिसणारी खुर्ची दाबावी तर ती राखाडी होते आणि ‘ही जागा आता उपलब्ध नाही’ असं येतं. कारण नकाशा काही सेकंद मागे असतो. खुर्ची तोवर दुसऱ्याच्या कार्टमध्ये गेलेली असते. पुढच्या रांगेमागे धावलास तर हेच पुन्हा पुन्हा होणार. साइटलाच जागा निवडू देण्याची सोय असेल तर ती घे. चार जागा एकत्र मिळेनात तर दोन-दोन शोध. कुठला विभाग आणि शुल्कासकट जास्तीत जास्त किती पैसे, हे आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेव. घड्याळ उलटं धावत असताना मित्रांच्या ग्रुपवर मतं मागवायची नसतात!

खात्यातला मोबाइल नंबर आणि कार्ड आदल्या दिवशीच तपासून घे. कार्डाची ऑनलाइन मर्यादा चार तिकिटांना पुरेल इतकी आहे ना, हे खास बघ, कारण बँकेने नकार दिला की कार्टची वेळ संपते आणि जागा परत विक्रीला जातात. ओटीपी येणारा फोन शेजारीच ठेव.

‘सर्व तिकिटं संपली’ दिसलं तरी लगेच उठू नकोस. इतरांचे फसलेले व्यवहार सुटून पुढच्या अर्ध्या तासात एखाद-दुसरी जागा परत येते. रंगमंचाची मांडणी पक्की झाल्यावर आयोजकही राखून ठेवलेल्या जागा सोडतात, कधी कधी अगदी कार्यक्रमाच्या आठवड्यात.

पैसे कापले गेले पण तिकीट दिसत नाही, असं झालं तर घाईने दुसऱ्यांदा भरू नकोस. आधी खात्यातली ऑर्डरची यादी आणि ईमेल बघ. कित्येकदा बँकेने रक्कम नुसती अडवून ठेवलेली असते, ती काही दिवसांत सुटते. आणि कुणी तिकिटाचा स्क्रीनशॉट विकायला आला तर सरळ नाही म्हण. हल्ली अनेक तिकिटांचा बारकोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे त्या फोटोवर दारात कुणी आत सोडणार नाही.

तुझा,
अनिल