लीड्सच्या मंडईतील बर्गरचा गाळा

महोदय,

इंग्लंडमधील लीड्सच्या कर्कगेट मंडईत, जेथे मायकल मार्क्स यांनी १८८४ मध्ये एका पेनीला वस्तू विकणारा ठेला मांडला आणि त्यातूनच पुढे ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ ही दुकानांची साखळी उभी राहिली, तेथे एका स्वतंत्र बर्गरवाल्याच्या छोट्या गाळ्यावर मी अधूनमधून जेवतो. मंडईतल्याच खाटकाकडचे मांस तो गिऱ्हाइकासमोर तव्यावर दाबून भाजतो. वडापावावर वाढलेल्या मला ते प्रथम अळणी लागले, हे कबूल करतो. १९७५ च्या आगीत मंडईचा मोठा भाग जळाला, तरी १९०४ चे देखणे दालन वाचले. आपल्याकडील जुन्या मंडयांच्या नूतनीकरणाचे आराखडे आखताना अशा एकट्या विक्रेत्याला परवडणारे भाडे आधी ठरवावे, ही विनंती.

— एक वाचक, लीड्स