कासवाचे नाव तीस वर्षे पुरले पाहिजे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील बालवाचकांच्या पानावर एका मुलीने आपल्या नव्या कासवासाठी नाव सुचवण्याची विनंती केली होती आणि गेल्या रविवारी वाचकांनी पाठवलेली नावे प्रसिद्ध झाली. त्यांत टर्बो, फ्लॅश, बुलेट अशी त्याच्या मंद चालीची थट्टा करणारी नावे बरीच होती, काही त्याच्या रंगावरून सुचलेली होती आणि लकी व कुबेर ही दोन तर अनेकांनी पाठवली होती. नाव ठेवण्याची हौस मी समजू शकतो. परंतु अकरा वर्षे कासव सांभाळलेल्या माणसाला त्यांतले एकही पटले नाही, म्हणून हे पत्र.

आमचे कासव नातवाच्या हट्टापायी घरी आले तेव्हा जुन्या, मोठ्या रुपयाच्या नाण्याहून किंचितच मोठे होते, आणि मी बँकेत रोखपाल म्हणून नोकरी केलेली असल्याने त्याचे नाव ‘रुपया’ असे पडले. पहिली दोन वर्षे ते शोभले. पुढे कवच ताटलीएवढे झाले, काचेची टाकी दोनदा बदलावी लागली आणि सोसायटीतले लोक जिन्यात भेटले की ‘काय, रुपया वधारला का?’ असे विचारू लागले. सातव्या वर्षी एका सकाळी टाकीच्या तळाशी चार पांढरी, लांबट अंडी दिसली. नर जवळ नसतानाही मादी अशी निर्बीज अंडी घालते, हे पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा कळले. रुपयाला व्याज सुटले, हा विनोद घरात सहा महिने पुरला. दवाखान्यातील कार्डावर मात्र तेव्हापासून ‘नाव : रुपया, लिंग : मादी’ असे लिहिलेले आहे.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश युद्धनौकेवर असलेल्या एका कासवाचे नाव टिमथी असे ठेवले होते. ती मादी आहे हे १९२६ साली उघड झाले आणि पुढे २००४ साली मरेपर्यंत तिने ते पुरुषी नाव वागवले. मत्स्यालयाच्या दुकानांत मिळणारे कासव बहुतेक वेळा मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले असते. त्यात नर की मादी हे अंडी उबताना मिळालेल्या उष्णतेवर ठरते, गारव्यात नर आणि उबेत मादी; पिल्लू पाहून मात्र काहीच सांगता येत नाही. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब व शेपूट जाड असते, पण ही खूण पटायला काही वर्षे जावी लागतात. लाल पट्ट्यावरून ‘लाली’ हे नाव सुचवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, वय झालेल्या कित्येक नरांचा रंग काळवंडत जातो आणि लाली नावापुरतीच उरते.

आपल्या वन विभागाला ही अडचण आली नाही. २०२२ साली रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या पाच ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली गेली, तेव्हा त्यांना प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी अशी नावे दिली. पुढच्या वर्षी गुहागरला गुहा आणि बागेश्री आल्या आणि त्यांतली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचल्याचे आपण वर्तमानपत्रांतच वाचले. अंडी घालायला किनाऱ्यावर मादीच येते, त्यामुळे स्त्रीनाम चुकण्याचा प्रश्नच नव्हता. मला विशेष आवडले ते ‘गुहा’, कारण त्यात गुहागर आहे आणि त्या गावाखेरीज ते कोणालाही दिले असते तर पोकळ वाटले असते.

घरच्या कासवाला ही सोय नाही; पण मराठीने दुसरी करून ठेवली आहे. ‘कासव’ हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. ‘ते आले, ते जेवले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा नावही बाळू, सोनू यांसारखे, मुलाला व मुलीला सारखेच चालणारे घ्यावे, म्हणजे सातव्या वर्षी कार्ड दुरुस्त करावे लागत नाही.

लकी आणि कुबेर यांच्याविषयी मात्र माझा आक्षेप गंभीर आहे. घरात कासव असले की पैसा येतो, या समजुतीने ते विकत घेतले जाते आणि नावातच त्याच्यावर कामगिरी सोपवली जाते. पैसा येत नाही, टाकीला वास मात्र येतो आणि एक दिवस कुबेर महाराज देवळाच्या तळ्यात सोडले जातात, जिथे हे परदेशी, खादाड जनावर आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खायची जागा बळकावते. नीट सांभाळले तर ते तीस-तीस वर्षे जगते. तेवढा काळ नशिबाच्या नावाने हाक मारत राहण्याइतका धीर कोणाला असतो, हे मला पाहायला मिळालेले नाही. (पाठीवर चांदण्या असलेले देशी कासव कोणी ‘लकी’ म्हणून विकत असेल, तर त्याला नाव शोधू नये, वन विभागाला कळवावे, १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणेच गुन्हा आहे.)

आता सुचवायचे ते. पंचतंत्रातला मंथरक कानाला गोड आहे, पण तो मंदपणामुळेच पारध्याच्या हाती लागला. कंबुग्रीव तर बोलायला तोंड उघडून आकाशातून पडला. माझे मत अकूपाराला आहे. महाभारताच्या वनपर्वात पुण्य सरल्यामुळे स्वर्गातून खाली आलेल्या इंद्रद्युम्न राजाला मार्कंडेय ओळखत नाही, त्याहून वृद्ध घुबड ओळखत नाही, बगळाही ओळखत नाही. सरोवरातले अकूपार नावाचे कासव वर येते, त्याचे डोळे भरून येतात आणि ते सांगते की, हे तळेच या राजाने दान दिलेल्या गायींच्या खुरांनी झाले आहे. दीर्घायुष्य म्हणजे आठवण, असे कासवाचे इतके सुंदर वर्णन दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. घरात त्याचे ‘अकू’ होईल, आणि अकू नर निघो वा मादी, काहीच बिघडत नाही.

आपल्या बालवाचक मुलीने अजून नाव ठरवले नसेल, तर तिने महिनाभर थांबावे, ते कुठे ऊन खाते, पाऊल वाजले की मान कशी काढते हे पाहावे आणि मग ठरवावे. तिला ‘अकू’ पसंत पडले तर पुरवणीत तेवढे छापावे, ही विनंती. आमच्या रुपयाचे नाव आता बदलता येणार नाही. नातू परगावी शिकायला गेला आहे आणि फोनवर सर्वांत आधी तिचीच चौकशी करतो.

आपला नम्र,
एक निवृत्त रोखपाल, सांगली