३० सी ओढायला, १ सी भरायला

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका म्हणालीस, म्हणून नुसतं पोरी. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. कवलापूरला विमानतळ व्हावा म्हणून सांगली किती वर्षं बोलते आहे, आणि तोवर तिकडच्या माळावर रिमोटवरची फोमची विमानं उडवणारे आम्ही चार रिकामटेकडे आहोत. या विमानांची बॅटरी कशी भरायची हे तू मला जे शिकवलंस ते त्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

माझी उभी नोकरी एसटीच्या बॅटरी सेक्शनला गेली. डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, ग्रॅव्हिटी म्हणजे अ‍ॅसिडची घनता बघायची, बॅटरी चार्जिंगला लावायची. करंटचा हिशेब तोंडपाठ असायचा: बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा हिस्सा. १५० ची बॅटरी असली तर १५ अँपिअर, आणि मग रात्रभर निवांत. नातवासाठी विमान घेतलं तेव्हा त्याची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी हातात आली. बिस्किटाच्या पुड्याएवढी, आणि वर मोठ्या अक्षरात ३० सी. दुकानदार म्हणाला, ‘३० सी आहे काका, कितीही टाका.’ माळावरचं एक पोरगं म्हणालं, ‘३ सी ला लावा, वीस मिनिटांत मोकळे.’ माझा जुना अनुभव म्हणत होता दहावा हिस्सा. कुणाचं ऐकायचं?

तू बॅटरी उलटी केलीस आणि आधी क्षमता वाचायला लावलीस. २२०० मिलीअँपिअर-अवर, म्हणजे २.२ अँपिअर-अवर. तेवढाच करंट म्हणजे १ सी, २.२ अँपिअर. वरचा ३० सी हा बॅटरीतून ओढायचा आकडा, ६६ अँपिअरपर्यंत, तोही कंपनीच्या म्हणण्यानुसार. भरायचा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, आणि कधी कधी नसतोच. नसेल तर १ सी. असला, अगदी ५ सी लिहिलेला असला, तरी घाई नसताना १ सी च. माझ्या दहाव्या हिश्श्यानंही काही बिघडत नाही, फक्त दिवस जातो, असं म्हणालीस तेव्हा जरा बरं वाटलं.

पण मी ‘का’ विचारल्यावर जे सांगितलंस त्यासाठी खरे आभार. नुसता आकडा तर दुकानदारानंही दिला होता. तू म्हणालीस, आजोबा, स्टँडवर गाडी लागते तेव्हा माणसं शिस्तीत चढली तर सगळ्यांना सीट मिळते. रेटारेटी झाली की दारातच तुंबतात. चार्ज होताना लिथियम ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसायला हवं. करंट जास्त रेटला की ते आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. तेवढी क्षमता कायमची गेली, आणि साचलेल्या धातूचे काटे सेलच्या आतल्या दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या पडद्यातून पलीकडे पोचले तर आतल्या आत शॉर्ट. थंडीत आत शिरण्याचा वेग आणखी मंदावतो, म्हणून शून्याखाली चार्जिंग नाही. सांगलीत ती वेळ यायची नाही, महाबळेश्वरला वेण्णा तळ्याकाठी दव गोठतं तिथल्या माणसानं बघावं. आपल्याकडे उलटं दुखणं. वैशाखात विमान उतरवलं की बॅटरी तापलेली असते. ती हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावायची नाही, आणि स्कूटरच्या डिकीत तर ठेवायचीच नाही.

वीस मिनिटांच्या गोष्टीतली हवाही तूच काढलीस. चार्जर आधी ठरलेला करंट देतो. सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथंच धरून करंट कमी कमी करत नेतो, आणि साधारण दहाव्या हिश्श्यावर आला की थांबतो. हा शेवटचा टप्पा घाई केली म्हणून त्या प्रमाणात आटपत नाही. म्हणून करंट तिप्पट केला तरी वेळ एक तृतीयांश होत नाही. आणि भरल्यावर लेड-अ‍ॅसिडसारखं बारीक करंटवर लावून ठेवणं इथं वर्ज्य. भरली की काढायची.

नातवाच्या छोट्या विमानाची बॅटरी ४५० ची, दोन सेलची. तिला ०.४५ अँपिअर, म्हणजे चार्जरवर ०.४. चार्जर मात्र मागचं सेटिंग लक्षात ठेवतो. मोठीनंतर छोटी तशीच लावली तर २.२ अँपिअर, जवळजवळ ५ सी! सगळ्या सांगण्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, कारण ही चूक अडाण्याची नाही, सरावलेल्या माणसाची आहे. आता आमच्याकडे प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी आहे: सेल किती, अँपिअर किती. सुरू करायचं बटण दाबण्याआधी नातू दोन्ही मोठ्यानं वाचतो. पांढरं बॅलन्स कनेक्टर, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा बघता येतो ते, लावल्याशिवाय त्याला बटणाला हात लावू देत नाही.

फरशीवर, पडद्यापासून लांब, शेजारी वाळूची बादली आणि जवळ जागं माणूस, हे तू सांगितलंस तसंच चालतं. हिला सुरुवातीला सगळा सोहळा वाटला. मग माळावर त्या ३ सी वाल्या पोराची फुगलेली बॅटरी तिनं पाहिली आणि बादली स्वतःच भरून ठेवायला लागली. (ती बॅटरी त्याला परत चार्ज करू दिली नाही. रुसला थोडा.)

पावसाळ्यात उडवणं बंद असतं, तेव्हा सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवले होते. तीन सेलच्या बॅटरीचे मिळून ११.४. पाऊस सरल्यावर बॅटऱ्या काढल्या तर एकही फुगलेली नाही, सगळ्या सेलचं व्होल्टेजही एकमेकांना धरून.

आता एक नवीन पेच. शेजारचे गृहस्थ ५००० ची सहा सेलची बॅटरी घेऊन आले. १ सी म्हणजे ५ अँपिअर, गुणिले २५.२ व्होल्ट, १२६ वॅट. माझा चार्जर ८० वॅटचा, म्हणजे भरत आल्यावर तीन अँपिअरच्या आसपासच देणार. चालेल, वेळ जास्त लागेल, असं मी त्यांना सांगितलं. बरोबर ना? चुकलं असेल तर कळव, ते रविवारी परत येणार आहेत.

तुझा सेल चेकर, सेलचं व्होल्टेज दाखवणारा, माझ्याकडेच राहिलाय. परीक्षा झाली की घरी ये आणि घेऊन जा. भडंगाचा पुडा बांधून ठेवलाय, हॉस्टेलवर घेऊन जायला.

तुझा,
एसटीवाले आजोबा, सांगली