डोकं लहान, पण कशामुळे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘माशाच्या मेंदूचे जनुक सापडले’ हा मजकूर वाचला. जनुक बंद केलं, मेंदू लहान राहिला, म्हणजे मेंदूच्या उत्क्रांतीचं कोडं सुटलं, असा त्याचा सूर. जनुक बंद कसं केलं, याचा मात्र उल्लेख नाही.

मी सहा वर्षं झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या इवल्या माशाची अंडी टोचली आहेत. पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, त्यामुळे काचेच्या सुईने मॉर्फोलिनो (जनुकाचं काम तात्पुरतं अडवणारा कृत्रिम रेणू) आत सोडायची नुसती घाई. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाखाली लहान डोकी दिसली तेव्हा मी नाचायची बाकी होते. आमच्या बाई म्हणाल्या, “सोमाइट मोजलेस?” सोमाइट म्हणजे भ्रूणाच्या पाठीत एकेक करून वाढत जाणारे खंड; ते मोजले की वाढ कळते. मोजले. न टोचलेल्या भ्रूणांत ३०, माझ्यांत २२. घड्याळाने सगळे २४ तासांचे, पण वाढीने माझे जेमतेम २० तासांचे! डोकं लहान नव्हतंच; अख्खा भ्रूणच मागे पडला होता.

दुसरी गोम अशी की मॉर्फोलिनोमुळे कधी कधी पेशींना मरायला लावणारं पी५३ प्रथिन सक्रिय होतं आणि मेंदूतल्या पेशी मरतात. आपल्या जनुकाचा त्यात काही हात नसतो. २०१५मध्ये एका गटाने पडताळून पाहिलं, तर मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे ८० टक्के दोष तीच जनुकं कायमची मोडलेल्या (उत्परिवर्तित) माशांत आढळलेच नाहीत. म्हणून जनुक कापून मोडणाऱ्या क्रिस्पर तंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असंही नाही. जनुक कायमचं मोडलं की त्याची उणीव कधी कधी दुसरी जनुकं भरून काढतात, हेही त्याच वर्षी दिसलं.

राहिली उत्क्रांती. एका जातीत जनुक मोडून तिचा इतिहास कळत नाही, त्यासाठी दोन प्रकार शेजारी ठेवावे लागतात. मेक्सिकोतल्या गुहेतल्या आंधळ्या माशावरचा २००० सालचा प्रयोग मला म्हणूनच फार आवडतो. उजेडात राहणाऱ्या भाऊबंदाच्या भ्रूणातलं भिंग काढून गुहेतल्या भ्रूणाच्या एकाच डोळ्यात बसवलं, आणि तो डोळा वाढला. उलटही करून पाहिलं: गुहेतलं भिंग बसवलेला डोळा खुरटला. दुसरा डोळा तुलनेसाठी त्याच माशात!

तुमच्या छायाचित्रात टोचलेला एकच भ्रूण आहे. शेजारी न टोचलेला का नाही, एवढं कृपया लेखकाला विचाराल का?

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक