नंदीध्वजांची वाट डिसेंबरातच मोकळी करा : सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
सादर नमस्कार.

संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. यात्रेची बैठक म्हटली की बोलणे होम मैदानावरच्या गड्ड्याचे म्हणजे जत्रेच्या बाजाराचे, पाळण्यांचे, स्टॉलच्या जागांचे होते. आमचे मागणे एकच आहे, आणि ते सात नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेत उभ्या तोलून मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांच्या, वाटेचे आहे. रस्ता, वीज, केबल, झाडे, पोलीस बंदोबस्त अशी पाच खाती त्या वाटेवर एकत्र येतात. त्यांना एका दिवशी एका जागी उभे करणे आपल्यालाच शक्य आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

काठी पेलणारा मानकरी ती कमरेच्या पट्ट्यावर उभी तोलतो. त्याची नजर शेंड्यावर असते, पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. तीस फुटी काठी धरली तर कमरेची तीन फुटांची भर घालून शेंडा तेहतीस फुटांवर जातो. मोजणी करणारे बहुधा काठीचीच उंची धरतात आणि ही तीन फुटे विसरतात.

वायर आडवी आली की बघणारे म्हणतात, "थोडी कलती करा." हिशोब करून पाहावा. तीस फुटी काठी दहा अंश कलवली तर शेंडा बाजूला पाच फूट सरकतो, पण खाली येतो जेमतेम अर्धा फूट. पाच फूट खाली आणायची तर काठी जवळजवळ चौतीस अंश कलवावी लागते, आणि तेव्हा शेंडा सोळा-सतरा फूट बाजूला, गर्दीच्या डोक्यावर असतो. एवढ्या कलात एका माणसाने तोल सांभाळायचा कसा? मग कोणी गच्चीवरून बांबूने वायर उचलून धरतो. केबलची असली तर निभावते. विजेची असली आणि काठीवर ताज्या फुलांचे ओले हार असले, तर सुकलेला बांबू वीज वाहत नाही हा भरवसा खोटा ठरतो. होमाच्या दिवशी शेंड्याकडे नागफणी, म्हणजे नागाच्या फण्यासारखी सजावट, चढते. तेव्हा वरचे वजन वाढलेले असते आणि कललेली काठी सावरायला आणखी जोर लागतो.

म्हणून पाहणी कागदावर किंवा गाडीतून नको. काठीच्या उंचीचा साधा बांबू कमरेच्या उंचीवर धरून काठ्या जिथून निघतात त्या हिरेहब्बू वाड्यापासून अक्षता सोहळ्याच्या संमती कट्ट्यापर्यंत आणि परतीच्या वाटेवर पायी फिरवावा. जिथे तो अडेल तिथे खांबावर रंगाची खूण करून त्याच जागी संबंधित खात्याची सही घ्यावी. ही फेरी नोव्हेंबरच्या अखेरीस व्हावी. फांद्या छाटायला दोन दिवस पुरतात, वायर उंच घ्यायला किंवा जमिनीखालून न्यायला पुरत नाहीत. दुसरी फेरी यात्रेच्या आदल्या आठवड्यात हवीच, कारण स्वागत कमानी, पताकांच्या दोऱ्या आणि फलक पहिल्या पाहणीनंतर उभे राहतात. कमानीच्या परवान्यावर खालची मोकळी उंची फुटांत लिहिलेली असावी.

आता पायाखालचे. मानकरी आणि त्यांच्यासोबतचे बाराबंदीतले भक्त अनवाणी चालतात. पाइपलाइनसाठी खणलेला चर नुसत्या मुरमाने भरला की तो वरून सपाट दिसतो आणि पाय पडताच बसतो. दोन इंच पाय खचला तरी खालचा झटका शेंड्यावर कितीतरी मोठा होऊन पोचतो. चर थराथराने पाणी मारून, धुम्मस करूनच भरावा. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीत हवीत. त्यांच्याभोवतीचे काँक्रीट 28 दिवसांनी पुरत्या ताकदीला येते, म्हणून ते काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपले पाहिजे. ऐन वेळी टाकलेली बारीक खडी तर खड्ड्यापेक्षा वाईट. ती तळव्यात रुतते आणि माणूस नकळत पाऊल आखडतो. गतिरोधक तात्पुरते काढता आले तर उत्तम, नाहीतर त्यांवर पांढरे पट्टे ठळक मारावेत, म्हणजे बाजूचे सेवेकरी वेळेत आवाज देऊ शकतील.

वीजपुरवठा सगळ्या भागात एकदम बंद करू नये. संध्याकाळच्या परतीला अख्खा रस्ता अंधारात जातो आणि धक्काबुक्की तिथेच होते. पहिल्या काठीबरोबर एक लाइनमन वायरलेस घेऊन चालावा. पुढचा टप्पा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच काठी पुढे निघावी, मागचा टप्पा सातवी काठी गेल्यावर चालू व्हावा.

पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, आमचे यण्णीमज्जन. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेली ही लिंगे शहरभर विखुरलेली आहेत, काही अगदी अरुंद बोळांत. तेल पायऱ्यांवर सांडते. त्यावर पाणी मारले की ते पसरते आणि घसरण वाढते. प्रत्येक लिंगापाशी लाकडाच्या भुशाचे एक पोते आणि एक झाडूवाला एवढे पुरे.

सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापासून लांबपर्यंत माणूसच माणूस असतो. सगळ्या कर्ण्यांना आवाज एकाच क्षणी दिला तर दूरच्या माणसाला आधी जवळच्या कर्ण्याचा आणि मागून मुख्य कर्ण्याचा आवाज ऐकू येतो. ज्यावर अक्षता टाकायच्या ते "सत्यम् सत्यम्" कोणते पहिले, कोणते दुसरे, हे कळत नाही आणि अक्षता आगेमागे पडतात. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्या हिशोबाने दर 34 मीटरला दशांश सेकंदाचा उशीर दूरच्या कर्ण्यांना लावता येतो, आणि तो लावण्याची अट ध्वनिक्षेपकाच्या निविदेतच घालावी. पडलेल्या अक्षता कोरड्याच झाडून वेगळ्या भराव्यात. सिद्धेश्वर तळ्यात गेलेला तांदूळ कुजतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे, म्हणून पाहणीच्या फेरीला प्रत्येक काठीचा एक माणूस बोलवावा. सरावाला निघणाऱ्या मुलांना कोणत्या वळणावर कुठली वायर खाली आहे हे तोंडपाठ असते. फेरीची तारीख आपण कळवावी, बांबू आम्ही आणतो.

आपले,
नंदीध्वजांच्या वाटेवरचे काही सेवेकरी, सोलापूर