चित्र, बंगला आणि विमान

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझा तक्ता दोनदा नीट पाहिला. मधोमध लिओनार्दोच्या नावे विकलं गेलेलं ‘साल्वातोर मुंदी’ हे चित्र, डावीकडे फ्लोरिडातल्या पाम बीचचा बंगला, उजवीकडे अमेरिकेतल्याच शार्लट विमानतळावरची दोन विमानं, आणि रशियन अब्जाधीश रिबोलोव्हलेव्हपासून निघून ट्रम्पपर्यंत गेलेल्या रेघा, म्हणजे हे सगळं आतून जोडलेलं आहे असा दावा. २०१७ पासून कितीतरी हौशी शोधकांनी हाच तक्ता काढलाय. त्यातली जवळजवळ प्रत्येक चौकट खरी आहे. तपासायच्या राहिल्यात त्या रेघा. तू हे मनापासून करतो आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चित्राची किंमत. तू लिहिलंयस की रिबोलोव्हलेव्हने १२ कोटी ७५ लाख डॉलरला घेतलं आणि ४५ कोटींना विकलं, म्हणजे ३२ कोटींहून जास्त नफा ‘कोणीतरी’ त्याला दिला. पण लिलावाचा छापून येणारा आकडा विकणाऱ्याच्या हातात पडत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात हातोडा पडला, म्हणजे बोली थांबली, ती ४० कोटींवर. त्यावर खरेदीदाराचं अधिमूल्य तेव्हाच्या दराने असं: पहिल्या अडीच लाखांवर २५ टक्के, म्हणजे ६२,५००. तिथून चाळीस लाखांपर्यंत २० टक्के, म्हणजे ७,५०,०००. उरलेल्या ३९ कोटी ६० लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ४,९५,००,०००. बेरीज ५,०३,१२,५००. ती ४० कोटींत मिळव, जाहीर झालेला ४५,०३,१२,५०० हा आकडा डॉलरपर्यंत जुळतो. मधले पाच कोटी लिलावगृहाचे. शिवाय या चित्राला किमान सुमारे दहा कोटी मिळतील अशी बाहेरच्या कोणाची तरी हमी होती. हमीदाराला हमीच्या वरच्या रकमेत सहसा वाटा मिळतो, तोही विकणाऱ्याच्या पैशातून जातो. म्हणून कुठल्याही लिलावाचा आकडा तक्त्यात घालण्याआधी त्या वर्षीचे दर शोध आणि उलटं गणित करून हातोड्याची किंमत काढ. दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. आजचे दर जुन्या विक्रीला लावले की हमखास चुकतं.

आता बंगला. ट्रम्पने तो २००४ मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात ४ कोटी १३ लाख ५० हजार डॉलरला घेतला आणि २००८ मध्ये रिबोलोव्हलेव्हला साडेनऊ कोटींना विकला. इथवर तुझं बरोबर. हे बातमीवरून नको, कागदावरून घे. पाम बीच काउंटीची खरेदीखतं आपल्याकडच्या इंडेक्स-टूसारखी घरबसल्या बघता येतात. फ्लोरिडाच्या खतावर किंमत सरळ लिहिलेली नसली तरी मुद्रांक कराची रक्कम असते. दर शंभर डॉलरला ७० सेंट. कराच्या रकमेला ०.००७ ने भागलं की किंमत निघते. साडेनऊ कोटींचा कर ६,६५,००० यायला हवा. फक्त मायामी-डेड काउंटीत दर वेगळा, तिथे हे सूत्र चालत नाही. खरेदी कंपनीच्या नावावर असते, म्हणून माणसाच्या नावाने शोधलं तर काहीच सापडत नाही आणि लोकांना वाटतं कागद लपवलाय. भूखंड क्रमांकाने शोध. त्याच क्रमांकाचा माग पुढे नेलास तर बंगला २०१६ मध्ये पाडल्याचं आणि जागेचे तीन तुकडे झाल्याचं दिसेल. ते तिन्ही मिळून १० कोटी ८० लाखांच्या आसपास विकले गेले. कर आणि व्याज धरता यात कमाई फारशी नसेल, पण ‘दुप्पट भावाने घेऊन पैसे बुडवले’ ही तुझी रेघ इथे टिकत नाही.

विमानाची रेघ सगळ्यात मोहात पाडणारी आणि सगळ्यात कच्ची. ३ नोव्हेंबर २०१६ ला रिबोलोव्हलेव्हचं एअरबस शार्लटला उतरलं. ट्रम्पचं विमानही तिथे होतं, त्या दिवशी जवळच्या कॉन्कर्डला त्याची सभा होती. विमानाचे संकेत विमान कुठे होतं ते सांगतात, आत कोण बसलं होतं ते सांगत नाहीत. दोघांची भेट झाल्याचा पुरावा आजतागायत पुढे आलेला नाही. तुझ्या वेळाही एकदा तपास. उड्डाणांच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्या दिवशी शार्लट त्यापेक्षा चार तास मागे होतं, आणि ६ नोव्हेंबरला तिथली घड्याळं मागे केल्यावर पाच तास. हा एक तास चुकला की न घडलेली भेट कागदावर घडते. शिवाय त्या विमानाची आधीच्या वर्षभराची ये-जा मांड. जे विमान सतत अमेरिकेत फिरतं ते कधी ना कधी प्रचारात असलेल्या उमेदवाराच्या विमानाजवळ उभं राहणारच.

या सगळ्याच्या आधी एक काम करायचं असतं, ते बहुतेक जण टाळतात: सगळ्यात साधं कारण शोधायचं. रिबोलोव्हलेव्हने ईव्ह बूव्हिए या स्विस व्यापाऱ्यामार्फत ३८ कलाकृती सुमारे २०० कोटी डॉलरला घेतल्या. बूव्हिएने मध्ये प्रचंड फरक ठेवला असा त्याचा आरोप होता, बूव्हिएने तो नाकारला. फेब्रुवारी २०१५ मध्ये बूव्हिएला मोनॅकोत अटक झाली. त्यानंतर रिबोलोव्हलेव्ह एकेक चित्र विकत सुटला, त्यातली काही तर मोठ्या तोट्यात. साडेआठ कोटी डॉलरला घेतलेलं गोगँचं ‘ते फारे’ फेब्रुवारी २०१७ मध्ये अडीच कोटींच्या आसपास गेलं. ‘साल्वातोर मुंदी’ त्याच रांगेतलं. विकण्याचं कारण २०१५ पासून उघड्यावर होतं आणि त्याला अमेरिकेच्या निवडणुकीची गरज नव्हती.

घेणाऱ्याच्या बाजूला मात्र राजकारण खरोखर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सौदी राजपुत्र बद्र बिन अब्दुल्ला याचं नाव कागदपत्रांवरून बाहेर आलं, अबू धाबीच्या संस्कृती खात्याने चित्र आपलं असल्याचं जाहीर केलं, जून २०१८ मध्ये बद्र सौदीचा संस्कृतिमंत्री झाला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लूव्र अबू धाबी या संग्रहालयातलं चित्राचं प्रदर्शन कारण न देता पुढे ढकललं गेलं. इथे खोदायला जागा आहे.

आणि मोनॅको! तुझ्या तक्त्यात मोनॅकोची चौकटच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. बूव्हिएच्याच प्रकरणात रिबोलोव्हलेव्हच्या वकिलाने एक ध्वनिमुद्रण अस्सल आहे हे दाखवायला आपला फोन तपासाधिकाऱ्यांना दिला. त्या फोनमधले, तिथल्या अधिकाऱ्यांशी जवळीक दाखवणारे संदेश ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाने सप्टेंबर २०१७ मध्ये छापले, आणि मोनॅकोच्या न्यायखात्याचे प्रमुख फिलिप नार्मिनो यांना मुदतीआधी पद सोडावं लागलं. पुढे रिबोलोव्हलेव्हचीही चौकशी झाली, त्याने आरोप नाकारले. कला आणि सत्ता यांच्यातला हा दुवा तारखांसकट कागदावर होता, आणि त्याच महिन्यांत शेकडो हुशार माणसं धावपट्टीचे फोटो मोठे करून बघत होती.

म्हणून प्रत्येक रेघेवर तीन गोष्टी लिही: कागद कोणता, तो कोणी केला, आणि ही रेघ खोटी ठरवायला काय सापडावं लागेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर रेघ पुसून टाक. पानं दिसतील त्या दिवशीच वेब संग्रहात जतन कर. वैमानिक, नोकर, शेजारी यांची नावं तक्त्यात अजिबात नकोत. २०१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका परफॉर्मन्स कलावतीच्या जेवणाचं आमंत्रण आणि एका राजकीय घराण्याचा कलासंग्रह असेच रेघांनी जोडत लोक एका पिझ्झाच्या दुकानापर्यंत पोचले. ४ डिसेंबरला एक माणूस तिथे रायफल घेऊन शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. ज्या तळघरात मुलं कोंडल्याचं सांगितलं जात होतं ते तळघर त्या इमारतीला नव्हतंच. सुदैवाने कोणाला लागलं नाही.

बंगल्याच्या तीन तुकड्यांची खतं मिळाली की लगेच पाठव. मुद्रांकावरून किमती काढून दोघं ताडून बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश